आईची न जन्मलेली बहीण

रोह्याला माझ्या घरी बसून मी अमेरिकेतल्या लोकांचे पूर्वज शोधते. हे ऐकून शेजारणी हसतात आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण मलाही हे काम अधूनमधून खुळेपणाचंच वाटतं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा जर्मन मुलखातून जहाजं भरभरून माणसं तिकडे गेली. त्यांच्या आजच्या वंशजांना आपण नक्की कुठून आलो ते कळायला हवं असतं. हा शोध घेऊन देणारी एक कंपनी मला त्या जहाजांच्या जुन्या याद्यांचे फोटो पाठवते आणि मी ते कोंबडीचे पाय वाचून कॉम्प्युटरमध्ये भरते.

बंदरावर उतरल्यावर सोळा वर्षांवरच्या पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ घेत आणि त्यांचीच नावं लिहून ठेवत. बायका नि पोरं जशी काही जहाजातून आलीच नव्हती. तिकडची एक बाई वर्षभर माझ्या मानगुटीवर बसली होती. तिच्या मूळ पुरुषाची बायको कोण, एवढंच तिला हवं होतं. आठवड्याला एक मेल. नाव उपलब्ध नाही असं मी तीनदा कळवलं, तरी बाई हटेना. शेवटी त्यांच्या जर्मन गावच्या चर्चच्या वहीचे फोटो मागवले आणि त्यात ती सापडली. लग्नाच्या दिवशीची नोंद, तिचं माहेरचं नाव, बापाचं नाव, बाप गाडीची चाकं बनवायचा हेसुद्धा. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा संताप झाला, कारण त्याच आठवड्यात माझी सख्खी, जिवंत, समोर चहा पीत बसलेली आई मला सिद्ध करता येत नव्हती.

आई ब्याऐंशी वर्षांची. माझ्याकडेच असते. तिचं माहेर पेणच्या अलीकडे, गडब गावाच्या आत, खाडीच्या अंगाला. वडिलांच्या भातशेतीत तिला तिचा वाटा हवा आहे. विकायचा नाही, नुसता नावावर हवा आहे आणि जिवंतपणी हवा आहे. मामा कधी आडवा आला नाही. उलट त्याने फार चांगुलपणा केला आणि तिथेच घोडं पेंड खातं. आजोबा गेल्यावर वारसांची नावं द्यायला तो तलाठ्याकडे गेला तेव्हा त्याने बहिणीचं माहेरचं नाव सांगितलं आणि पुढे घोटाळा नको म्हणून सासरचंही सांगितलं. लिहिणाऱ्याने एकाखाली एक दोन ओळी केल्या. दोन ओळी म्हणजे दोन मुली. मामा पुढे वारला आणि आई कागदावर दुकटीच राहिली.

आता अर्ज घेऊन तलाठी कार्यालयात गेलो तर तिथला तरुण कारकून, अगदी सभ्य मुलगा, म्हणाला की आजी, तुमच्या बहिणीलाही घेऊन या, तिचीही सही लागेल. मी सांगितलं, ती हीच. मग त्याने दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा लग्नाच्या वेळचा कागद मागितला. कुठला कागद? आईचं नाव बदललं ते ताटातल्या तांदळात, सोन्याच्या अंगठीने. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले असणार. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, मधला दुवा कुठेच नाही. ते लग्न पाहिलेली एक म्हातारी खांब गावात आहे असं कळलं म्हणून तिकडे जाऊन आले. तिला नवरी आठवत होती, जेवणावरून झालेली भांडणं आठवत होती, बदललेलं नाव तेवढं आठवेना. आईच्या माहेरी तीन खेपा झाल्या. प्रत्येक वेळी एसटी हायवेवर खोळंबलेली आणि आई मांडीवर कागदांची पिशवी धरून बसलेली.

शेवटी तिसऱ्या खेपेला, त्याच्या घरी बसलो असताना, मामेभावाने तोड काढली. तो मनाने वाईट नाही, त्यालाही हे एकदाचं संपवायचं होतं. माहेरच्या नावाची ती बहीण वारली, मागे मूलबाळ कुणी नाही, असं प्रतिज्ञापत्र त्याने पेणहून टाइप करूनच आणलं. हे खोटं आहे हे मला कळत होतं. तरी खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी आईला कागद वाचून दाखवला आणि कुठे सही करायची त्यावर बोट ठेवलं.

आईने पेन खाली ठेवलं. "ती मेली असं मी नाय लिवून देणार गो," ती म्हणाली. "गुडघाभर चिखलात लावणी केली ती तिनं. ह्या सासरच्या नावाच्या बाईनं त्या शेतात एक काडी लावली नाय. मारायचीच तर हिला मारा."

मामेभाऊ म्हणाला, आत्या, तसंही चालेल, शाळेचा दाखला आहेच, फक्त नाव बदलून आणतो, बाकी मजकूर तोच राहील. तो चप्पल घालू लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि कागद परत हातात घेतला. बाकी मजकूर म्हणजे मागे मूलबाळ कुणी नाही.

सासरच्या नावाची ती बाई माझ्या जन्माच्या दाखल्यावर माझी आई आहे. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि आईला म्हटलं, चल, रोह्याची साडेचारची एसटी मिळेल.