आतोबांची नाचाची शिकवणी

आमच्या आतोबांइतका नाचाला नालायक देह परमेश्वराने सबंध सोलापूर जिल्ह्यात दुसरा घडवला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे मैंदर्गीचे, सोलापुरात भुसार मालाचं दुकान. दोघांच्या बाकावर ते एकटे बसत आणि तरी बाक कुरकुरे. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच राहत होतो. ते रागवायचे कानडीत, व्यापार करायचे मराठीत आणि कुणी आभार मानले, की अंगावर पाल पडल्यासारखे दचकायचे. म्हणून मदत करायची ती थाप मारून! एकदा हमालाच्या मुलासाठी त्यांनी नवे कोरे बूट आणले आणि त्याच्या हातात कोंबत म्हणाले, "घेऊन जा की! मला लहान होत्यात." त्या बुटात आतोबांचा अंगठासुद्धा मावला नसता. हमालाने बिचाऱ्याने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली.

मागच्या गल्लीत पद्मा नावाची एक शाळकरी मुलगी राहायची. घरात तेलुगू, वडील मागावर कापड विणायचे, आई विड्या वळायची. शाळेच्या संमेलनात तिला नाचताना पाहून भरतनाट्यमच्या एका बाईंनी तिला आपल्या वर्गात घेतलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात माग थांबला आणि पद्माचा वर्गही. ती आईशेजारी विड्यांना दोरा गुंडाळत बसू लागली. आत्याने हे सांगितलं तेव्हा आतोबा जेवताजेवता थांबले. असं पूर्वी कधी घडलेलं नसल्यामुळे आत्या घाबरलीच.

संध्याकाळी मला घेऊन ते पद्माच्या घरी गेले. "अक्का, पोरीच्या नाचाची फी मी भरतो."

तिच्या आईने सुपातून मान वर न काढता सांगितलं, "नको शेठ. फुकटचं आमी घेत न्हाय. पोरगी घरी बसंल."

आतोबांना घाम फुटला. ऐन वेळी थाप सुचेना. दाराआडून पद्मा डोळे मोठे करून बघत होती. तिच्याकडे नजर गेली आणि त्यांनी ठोकून दिलं, "फुकट कुटं? मला नाच शिकायचाय. हिनं मला शिकवावं, मी पगार देतो."

आता मात्र आईने मान वर केली. आतोबांना वरपासून खालपर्यंत पाहायला तिला बराच वेळ लागला. "तुमी? नाच?"

"डाक्टरनं सांगितलंय. वजन लई वाढलंय."

दाराआड फिस्सकन हसू फुटलं. आई हसली नाही. "मग खरंच शिकावं लागंल. नुसता पगार दिला, तर दुसऱ्या दिवशी पोरगी येनार न्हाय."

अशा रीतीने आतोबा आयुष्यात प्रथमच स्वतःच्या थापेत सापडले. बाईंकडे संध्याकाळी शिकलेलं पद्मा सकाळी दुकानामागच्या गोदामात आतोबांना शिकवी. ज्वारीच्या पोत्यांमध्ये धोतराचा काचा मारून ते "तैया तै" करू लागले, की हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवायला विसरत. "शेठ, गुडघे बाहेर!" पद्मा ओरडे. "बाहेरच हायत की! पोट आडवं येतंय म्हणून दिसंनात!" शेजारचे व्यापारी त्यांना 'नटराज' म्हणू लागले. अधूनमधून पद्माची आई येऊन दारात कमरेवर हात ठेवून उभी राही, म्हणून चुकारपणाचीही सोय नव्हती. रोज कंबरेला तेल चोळताना आत्या म्हणे, "अय्यय्यो, नुसते बूट वाटत होतात तेच बरं होतं!" पण शिकवूनशिकवून पद्माचा पाय मात्र असा पक्का झाला, की बाईंनी तिला वर्गात पुढच्या रांगेत उभं केलं.

पुढे माग सुरू झाला. पद्माचे वडील हात जोडून आले. "शेठ, आता फी आमी भरतो." आतोबा म्हणाले, "लई छान झालं," आणि उगाच तराजू पुसत बसले. मग पद्माला हळूच विचारलं, "माझं कसं गं? पायाचं झालं, हाताचं सगळं ऱ्हायलंय की." ती मान वाकडी करून म्हणाली, "रविवारी येते. पण पगार घेणार नाही." त्या दिवशी आतोबांनी पहिल्यांदा कुणाची मदत घेतली असेल.

काही वर्षांनी पद्माचं लग्न ठरलं, हैदराबादला. मांडवात तिने आधी बाईंना नमस्कार केला आणि मग आतोबांपाशी आली. सासरच्यांपैकी कुणीतरी विचारलं, "हे कोण?" पद्मा म्हणाली, "माझे पहिले विद्यार्थी." लोक हसले. आतोबा हसले नाहीत. ती वाकण्याआधी, तो अवाढव्य देह सावरत, त्यांनीच त्या नव्या नवरीला वाकून नमस्कार केला. गुरूला करतात तसा.

परतताना टांगा समोर उभा असून ते त्यात बसेनात. चालत राहिले. कोपऱ्यावर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता कुटं जरा जमाय लागलं होतं रे."