सोमवारपर्यंतचं मौन

त्या वर्षी मुरुम गावच्या बाजारातून माणसं उन्हं असतानाच घर गाठायची. निजामाचं राज्य होतं आणि हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. माझे काका हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना जाऊन मिळाले होते. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मी चौदा वर्षांची होते. विहिरीवर एक बाई काकांना पळपुटा म्हणाली. मला सोसलं नाही.

"पळपुटं न्हाईत ते. सोमवारी येणार हायेत घरी," मी बोलून गेले.

दिवस मावळायच्या आत ते बोलणं माझ्या वडलांच्या, अप्पांच्या, कापडाच्या दुकानापर्यंत पोचलं. अप्पांनी आधी काकांकडं येऊ नकोस असा निरोप धाडला. मग मला देवघरात बसवलं.

"सोमवारपर्यंत कुणाशी बोलायचं न्हाय. बोलायचं तर देवाशी बोल."

"अवं, पोर हाय ती," अव्वा, माझी आई, म्हणाली.

"म्हणूनच," असं म्हणून अप्पा माझ्याशेजारी मांडी घालून बसले. त्यांनीही बोलणं सोडलं.

दोन दिवस मी रागानं रडले. तिसऱ्या सकाळी आम्हा लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करताना माझा हात खाली यायला लागला. अप्पांनी खालून आपला हात लावला. पूजा होईपर्यंत काढला नाही.

सोमवारी भर दुपारी टोळी दारात आली.

"तेरा भाई किधर है?"

"ठाऊक न्हाय," अप्पा म्हणाले. टोळीनं अप्पांनाच नेलं.

अप्पांना वाचव, असं देवाला म्हणायला मला तोंड नव्हतं. लिंग हातात घेऊन मी एवढंच म्हणाले, "म्या केलं हे." देवघरात बराच वेळ बसले. तळहातावरचं लिंग कोमट झालं होतं. मला कुणी उठवून बाहेर काढत नाहीये, एवढं मात्र कळत होतं.

काकांना निरोप वेळेत मिळाला, ते वाचले. अप्पा बुधवारी परत आले, लंगडत. एका हाताची दोन बोटं चेचलेली.

"माझ्यामुळं झालं न्हवं, अप्पा?"

"व्हय, तुझ्यामुळं. खोटं कशाला सांगू?" त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "पर म्या तुला टाकलं का? मग त्यो देव कसा टाकंल?"

बाहेर अव्वा गाव सोडायसाठी गाडीत भांडी भरत होती. समोरच्या घराला कुलूप होतं. त्याच्या शेजारचं दार सताड उघडं होतं, आणि आत कुणीच नव्हतं.