न केलेल्या ऑपरेशनचं मोल

दसरा झाला की माझ्या दवाखान्यात बायका एकच मागणी घेऊन येतात: पिशवी काढून टाका. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या असतात. फडात पाळीच्या दुखण्याने बसून राहिलं तर मुकादम खाडा धरतो, म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापतो. त्यापेक्षा गर्भाशयच नको, असा सरळ हिशेब.

एका वर्षी शिरूर कासारकडची तिशीची बाई सासूबरोबर आली. अंगावरून फार जायचं, कंबर धरायची. सासूने विम्याचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"ह्याच्यात बसतंय म्हणं. काढून टाका, कटकट मिटंल."

तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवी चांगली होती. रक्त मात्र कमी होतं.

"गोळ्यांनी भागेल," मी म्हणाले. "काढायची गरज नाही."

"आमच्या शेजारनीची काढली की."

"आता कशी आहे ती?"

उत्तर सुनेने दिलं. "फडात माझ्याआधी कंबर धरून बसती."

सासूने तिच्याकडे डोळे वटारले आणि मला म्हणाली, "तुमाला जमत नसंल तर तसं सांगा बाई. दुसरीकडं जाऊ."

समजावण्यात बराच वेळ गेला. बाहेर रांग वाढली. विम्याचं काम बघणारी दवाखान्यातली मुलगी डोकावली. "मॅडम, यांचं कोणतं पॅकेज टाकू?"

"कोणतंच नाही."

विम्यात प्रत्येक ऑपरेशनची रक्कम, म्हणजे पॅकेज, ठरलेली असते. सोपं निघालं तरी तेवढीच, चिकटलेलं आतडं सोडवता सोडवता पाठ मोडली तरी तेवढीच. आम्ही सर्जन जमलो की याच्यावर बोलतो, आणि तक्रार खरी आहे. पण कापू नये हे ठरवायलाही तीच विद्या लागते, आणि त्याचं मोल शून्य. मी दानशूर नाही. नर्सचे पगार, जनरेटरचं डिझेल ऑपरेशनांतूनच निघतं. म्हणूनच "काढावी" असं मनात आलं की ते पेशंटकडे बघून आलं की पॅकेजकडे, हे मला स्वतःला विचारावं लागतं.

शेवटी सून म्हणाली, "गोळ्या द्या. न्हाई भागलं तर पाडव्याला येते." हंगामभराच्या गोळ्या दिल्या, त्रास झाला तर फोन कर म्हटलं. फोन आला नाही. हिने दुसरीकडे काढून घेतली असणार, असं मी धरून चालले.

ऊसतोड संपली, गुढीपाडव्यानंतर दोघी आल्या. सुनेची पिशवी जागेवर होती, तोंडावर तजेला आला होता. या वेळी तपासायला सासू आडवी झाली. तिचं अंग, म्हणजे पिशवीच, खाली सरकून बाहेर येत होतं. कित्येक वर्षं कुणाला बोलली नव्हती.

"मावशी, तुमचं मात्र ऑपरेशनच करावं लागेल."

"करा."

"दुसरीकडं विचारायचं नाही?"

"कावून? हिच्या टायमाला तुमी न्हाई म्हनला. आता करा म्हनताव, म्हंजी गरज असंलच."

ऑपरेशन नीट झालं, कार्डावर झालं, ठरलेली रक्कमही आली. सासूला फेरतपासणीला आणलं तेव्हा सुनेने विचारलं, "माझ्या गोळ्या बी कार्डावर बसत्यात का?"

"नाही."

"मंग ह्ये कार्ड कापायलाच लावतंय की बाई."

मी तिची गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली.