दिवसाउजेडीचं नाटक

तालीम सुरू झाली की मोठाभाई आधी थेट मागे जात, जमिनीवर मांडी घालून बसत आणि खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेत. मग म्हणत, "हां, आते बाईले दखू द्या." म्हणजे, आता बाईला पाहू द्या. भरघोस मिशांचा, उन्हानं रापलेला तो धिप्पाड शेतकरी असा पदर घेऊन बसला की नवख्या माणसाला हसू आवरत नसे. आम्हाला सवय झाली होती. पदराआडून सिंहासन अर्धंच दिसतं म्हणून त्यांनी एकदा सिंहासनाचे पाय कापायला लावले. सुतार कुरकुरला, पण सिंहासन बुटकं झालं ते झालंच.

हल्ली संध्याकाळी टीव्हीवर जुन्या काळच्या मालिका लागतात. सहकुटुंब बसून पाहाव्यात अशा, असं त्यांच्या जाहिरातीत म्हणतात. नात मला विचारते, "आजी, तुमच्या वेळी असलं काय होतं?" मी तिला सांगते की आमच्या वेळी मोठाभाई होते.

नाव सांगत नाही. सगळं नंदुरबार त्यांना मोठाभाई म्हणे, तेवढं पुरे. गुजर शेतकरी, कापूस आणि केळी तापीकाठी, घर मात्र गावात, कापसाच्या जिनच्या मागच्या गल्लीत. त्याच गल्लीत आम्ही बिऱ्हाड केलं होतं. मी साताऱ्याकडची, इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. आमचे हे पोस्टात. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं आणि गावात रेडिओसुद्धा मोजक्या घरांत. मला शिवण येतं हे मोठाभाईंना कळायचा अवकाश, त्यांनी नाटकाचा सगळा कपडेपट माझ्या गळ्यात घातला. माझ्या शाळेतल्या मुली जुन्या लुगड्यांचे अंगरखे शिवत, पुठ्ठ्याला बेगड लावून दागिने करत. नाटकातल्या सरदाराचा कमरपट्टा आम्ही तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापला होता. तो चालला की खडखड वाजे, म्हणून मोठाभाईंनी त्याला बसूनच बोलायला लावलं.

नाटक त्यांनी स्वतःच रचलेलं. एक गढी, तिचा सरदार, त्याची राणी, त्यांचा मुलगा आणि शेवटी लढाई. गाव त्याला 'गढीचं नाटक' म्हणे. आखाजीच्या दिवसांत, म्हणजे अक्षय तृतीयेला, कापसाचा हंगाम संपून जिनचं आवार मोकळं झालं की तिथं मांडव पडे. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, झोके बांधते, गाणी म्हणते. त्या लेकींनी आणि त्यांच्या आयांनी हे नाटक पाहावं हा मोठाभाईंचा एकच ध्यास. त्यासाठी त्यांनी रात्रीचा खेळ मोडून काढला. उन्हं उतरली की सुरू करायचं आणि दिवेलागणीच्या आत संपवायचं, कारण बायकांना घरी जाऊन दिवा लावायचा असतो.

लिहिलेल्यातही त्यांची कात्री सतत चाले. दरबारातल्या नाचाचा प्रवेश गेला. मद्याचा प्याला गेला, त्याच्या जागी ताक आलं. शत्रूचं सैन्य शेजारच्या कोरीट गावच्या मंडळींकडे होतं आणि त्यांतले निम्मे नंदुरबारचे जावई. पहिल्या तालमीत ते धडाधड मरून पडले तेव्हा मोठाभाईंनी तालीम थांबवली. सासूसमोर जावई मारायचा, आणि तोही सणाला? "आखाजीले जवाई मरस का कोठे?" त्यांनी मलाच विचारलं, जणू मीच मारायला सांगितलं होतं. तेव्हापासून शत्रू मरत नसे, पळून जाई. मोलगीकडून डोंगर उतरून येणारे ढोलवाले सरदाराच्या बाजूला होते. त्यांचा ढोल घुमू लागला की दोन्ही सैन्यं लढायचं विसरून नाचू लागत, आणि मोठाभाई कपाळाला हात लावून बसत.

इतकं करूनही पहिल्या वर्षी बायका आल्या नाहीत. मांडवाचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखलेला. सतरंज्या अंथरल्या, पाण्याचे माठ भरले. पुरुषांची बाजू ओसंडून वाहत होती आणि या बाजूला मी, माझ्या शाळेच्या मुली आणि एक शेळी. गावातल्या थोरांच्या लेखी नाटक आणि तमाशा एकाच माळेचे मणी. मोठाभाई त्या रिकाम्या सतरंजीवर येऊन बसले ते शेवटपर्यंत. मला त्यांचा फार कळवळा आला, पण समजूत घालण्याइतकी ओळख तेव्हा झाली नव्हती.

पुढच्या आखाजीला त्यांनी नाटकात नवा प्रवेश घातला. सरदाराच्या मुलाचं बारसं. आणि मग त्यांनी अशी युक्ती काढली की ऐकून मी गारच पडले. नाटकाचं बोलावणं कोणाच्या घरी जाणारच नव्हतं, बारशाचं जाणार होतं. हळदीकुंकू लावून, घरोघर, रीतीप्रमाणे. नाटकाला नाही म्हणणारी बाई बारशाला नाही कशी म्हणेल?

पण घोडं पहिल्याच पावलाला अडलं. बारशाचं बोलावणं घरची बाई करते आणि मोठाभाईंच्या घरची बाई, आमच्या वहिनी, त्याला तयार होईनात.

वहिनींना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. गल्लीतल्या बारशांचं बोलावणं त्यांना येई आणि त्या जातही. घुगऱ्या वाटत, भांडी घासू लागत. मात्र पाळण्यापाशी कधी जात नसत. त्यांना कोणी अडवल्याचं मी पाहिलं नाही आणि बोलावल्याचंही पाहिलं नाही. त्या स्वतःच दाराशी थांबत आणि सगळ्यांना ते सोयीचं होतं. आता त्यांनीच हातात करंडा घेऊन दारोदार बारशाचं सांगायचं म्हणजे लोक तोंडावर नाही तरी पाठीमागे हसणार. मी म्हटलं, मी येते बरोबर. माझे दिवस भरत आले होते, मी बदकासारखी चालत असे. बहुधा माझ्याकडे पाहूनच त्या निघाल्या. पहिल्या दोन-तीन घरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, मीच बोलले. नंतर त्या बोलू लागल्या. बाया हसल्या, पण कपाळ पुढे करून त्यांनी कुंकू लावून घेतलं.

माझी मुलगी त्याच आठवड्यात झाली.

दुसरी अडचण तालमीत आली. राणीचं काम एक तरुण शिंपी करत असे. सुताराचा पाळणा टांगलेला, आत कापडाची गुंडाळी, आणि शिंप्यानं लाजत लाजत दोरी ओढली. कुंपणापलीकडे आमच्या गल्लीतल्या काकी उभ्या होत्या. गावातल्या बायकांत त्यांचा शब्द चाले. त्यांनी तिथूनच बजावलं की रिकाम्या पाळण्याला झोका देऊ नये, अपशकुन असतो. हे असंच करणार असाल तर कोणी बाई मांडवात बसणार नाही. एवढं सांगून त्या निघून गेल्या. पाळणा तसाच हलत राहिला आणि मोठाभाईंनी पुढे होऊन तो दोन्ही हातांनी थांबवला.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. बराच वेळ पत्र्याच्या तलवारींबद्दल बोलले. तलवारींचं बोलून झाल्यावर दाढ्यांचा विषय निघाला. नमनालाच घडाभर तेल जळतंय हे पाहून आमचे हे आत निघून गेले. मग मोठाभाई माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, तुमनी पोरना पायना मांडवमां बांधू द्या."

पायना म्हणजे पाळणा, हे मला एव्हाना कळत होतं. माझ्या लेकीचं बारसं राहिलंच होतं. माझी आई नव्हती, सासर लांब. इथं करणार कोण आणि येणार कोण? मी म्हटलं, बांधा की, पण राजपुत्राचं काम मुलगी करणार. ते हसले. पण उठले नाहीत.

"आनि दोरी," ते म्हणाले, "दोरी आमना घरमांनीना हातमां देशात का? तिना हात अजून कोनाच पायनाले लागना नही."

बायकोचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. मी लगेच हो म्हटलं. त्यानंतर मात्र मला झोप लागेना. माझी लेक, मी देईन. पण मांडवभर बायका बसल्या असताना वहिनी पुढे आल्या आणि एकेक बाई पदर सावरून उठून गेली, तर? त्या माऊलीला पुन्हा घराबाहेर पडायला तोंड उरलं नसतं. आणि मोठाभाईंनी पुन्हा नाटकाचं नाव काढलं नसतं.

बारशाला बायका आल्या. लोंढाच आला म्हणा ना. माहेरवाशिणी, त्यांच्या सासवा, कडेवर पोरं, हातात कुंच्या आणि अंगडी-टोपडी, कोणाच्या पदराखाली घुगऱ्यांचं पातेलं. सतरंज्या पुरेनात. नाटक पाहायला आलेली त्यांत एकही नव्हती. पडदा वर गेला, पाळणा दिसला, तशा पुढच्या बाया चपला काढून सरळ रंगमंचावर चढल्या. सरदार सिंहासनावरून उठून बाजूला झाला. शिंप्याला काकींनी खुणेनंच बाहेर घालवलं. मिशी काढलेली असली तरी पुरुष तो पुरुष, आणि बारशात त्याचं काम काय?

मी मुलीला घेऊन पुढे गेले. काकींनी पाळण्याची दोरी धरली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "फुई कोन शे?" फुई म्हणजे आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा.

वहिनी बाजूच्या पडद्यापाशी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, "ती काय तिथं उभी आहे."

एका बाईनं आपल्या सुनेचा हात धरून तिला मागे ओढलं. दुसरी उठून उभी राहिली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. पडद्याआड मोठाभाई उभे होते. त्यांनी तोंड जिनच्या भिंतीकडे फिरवलं होतं. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. आणि नेमकी तेव्हाच माझी लेक भोकाड पसरून रडू लागली.

काकींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि दोरी वहिनींकडे धरली. "ये व माय," त्या म्हणाल्या. "पोर रडी ऱ्हायनी."

वहिनी आल्या. पोर पाळण्यात घातली, दोरी ओढली, वाकून तिच्या कानात नाव सांगितलं. आम्ही ठरवलेलं नाव वेगळं होतं. वहिनी घाबरून विसरल्या की त्यांनी मुद्दाम केलं, मला माहीत नाही. त्यांनी 'तापी' सांगितलं. आमचे हे पुढे महिनाभर कुरकुरत होते की नदीचं नाव का ठेवता, मग तेच तिला तापूबाई म्हणू लागले.

मग गाणी सुरू झाली. एकीचं संपलं की दुसरीचं. दिवस थोडा आणि सोंगं फार अशी गत. सरदार, कारभारी, हुजरे एका ओळीत बसून घुगऱ्या खात होते. कोरीटचं सैन्य तलवारी काखोटीला मारून ताटकळलं आणि शेवटी तेही पंगतीला बसलं. उन्हं कलली, मांडवात सावल्या लांबल्या, बाया दिवा लावायला उठल्या. लढाई झालीच नाही. गढीचं काय झालं हे त्या वर्षी कोणालाच कळलं नाही.

मी मोठाभाईंना म्हटलं, नाटक अर्धवट राहिलं हो. त्यांनी मान हलवली, पण ते माझं ऐकत नव्हते. वहिनी पाळण्याची दोरी सोडवत होत्या, तिकडे ते पाहत होते.

पुढच्या वर्षापासून त्यांनी लढाई आधी घेतली आणि बारसं शेवटी. दर आखाजीला गल्लीतलं, पेठेतलं एखादं खरं बाळ पाळण्यात असे आणि नाव सांगायला वहिनी. हळूहळू बाया लढाईही पाहू लागल्या. पळणाऱ्या जावयांना सासवा नावानिशी हाका मारत. मोठाभाई मागे बसून ऐकत आणि खूश होत.

एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना ताप आला आणि त्यातच ते गेले. वहिनींनी घराबाहेर पडणं सोडलं. मी रोज जात असे. त्या बोलत, चहा करत, पण दाराबाहेर येत नसत. आधी मूल नाही आणि आता कुंकू नाही, तेव्हा माझं बाहेर काय काम, असं एकदा त्या सहज म्हणाल्या. मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत.

आखाजी आली. त्या वर्षी नाटक नव्हतं. मोठाभाईंमागे ते करणार कोण? जिनचं आवार मोकळं पडलं होतं. उन्हं उतरल्यावर मी खिडकीतून पाहिलं तर बाया आवारात येत होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी घरून सतरंज्या आणल्या होत्या. दरवर्षीच्या जागी त्या अंथरून बसल्या, जिथं मांडव असायचा तिकडे तोंड करून. मी तापूचा हात धरून तिकडे गेले.

थोड्या वेळानं काकी उठल्या आणि मोठाभाईंच्या घरात गेल्या. आत काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण त्या वहिनींचा दंड धरूनच बाहेर आल्या. पांढऱ्या कपाळाच्या वहिनी मान खाली घालून चालत होत्या. काकींनी त्यांना सगळ्यांच्या मधोमध बसवलं, आपल्या नातसुनेच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि वहिनींच्या मांडीवर ठेवलं.

"फुई," त्या म्हणाल्या, "नाव सांग."