एकतिसाव्या पानावरची चांदणी

दुपारचं जेवण उरकून मी खाटेवर आडवी होते. ‘पाषाणगज’ कादंबरीचा चौथा भाग छातीवर उपडा आहे. कालच वाचनालयात आला, कोरा करकरीत, नि पहिला माझ्याच हाती पडला. डोळे मिटतात न मिटतात तोच पायथ्याशी इंदूवन्सं बसलेल्या दिसतात. माझी थोरली नणंद. त्यांना जाऊन वर्ष झालंय, हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे.

"तिसरा झाला का गं, शालन?"

"झाला, वन्सं. मधूनच सुरू केला, तरी सगळं कळलं."

हे बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांची दृष्टी गेली तेव्हा तिसरा भाग अर्ध्यावर राहिला होता. रोज म्हणायच्या, दगडी हत्ती जागा होऊन राणीला गडाबाहेर काढतो की नाही, तेवढं वाचून दाखव. आणि मी अतिशहाणी. पहिले दोन वाचल्याशिवाय मला गोडी लागायची नाही म्हणून अडून बसले. पहिला भाग नेहमी कुणीतरी नेलेला असायचा. तो काही आला नाही, नि वन्सं गेल्या.

खाट आता वाचनालयात आहे. कपाटांतून फोडणीचा वास येतोय. वन्सं पुस्तकं चाचपत चालल्यात, प्रत्येकाचं एकतिसावं पान उघडून. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून त्या तिथं पेन्सिलीनं बारीक चांदणी काढायच्या. पुस्तक संपल्यावरच हं, आधी नाही.

"लग्न होऊन आमच्या घरात आलीस," त्या म्हणतात, "तेव्हा तुला कुणी पहिला भाग वाचून दाखवला होता? मधूनच आलीस. रुळलीस ना?"

मान खाली घालते, तर पायांखाली गडाच्या पायऱ्या आहेत, ओल्या.

"चुकलं माझं, वन्सं. बसा. चौथा वाचते, अगदी पहिल्या पानापासून."

"राहू दे आता." रागानं नाही. ताटात भात नको म्हणायच्या, तसंच.

जाग येते तेव्हा भांडीवाली बाई दार वाजवतेय. मी आधी एकतिसावं पान काढते. आकड्याशेजारी पेन्सिलीची चांदणी आहे, एक टोक जरा लांबलेलं, त्यांचं असायचं तसं.

म्हणजे हा भाग त्यांचा वाचून झाला. आता त्या माझी वाट बघत नाहीत.