सहीनं दिलेला मुलगा

साइमी किवेला लग्नाआधी लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाक करायची. एका दांडग्या गड्यानं रश्श्याला नावं ठेवली, तेव्हा तिनं त्याच्यापुढची थाळी उचलून छावणीतल्या कुत्र्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बघ, हा काही बोलला का?" टॅमरॅक गावात ही गोष्ट अजून सांगतात. अशी बाई कुणाच्या गोडगोड बोलण्याला भुलणारी नव्हती. भुललीही नाही. तरी व्हायचं ते झालंच.

नवरा एमिल निकेलच्या भट्टीवर कामाला होता. गावातली निम्मी घरं फिनिश, निम्मी फ्रेंच, आणि भट्टीच्या धुराखाली सगळीच सारखी काळवंडलेली. लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नाही. देवाकडे मागणं सोडून दिलं तेव्हा एस्को झाला. पोरगं चालायला उशिरा लागलं, पण तळं गोठलं आणि पायात स्केट्स चढले की त्याच्यात वारं शिरायचं. बर्फावरच्या हॉकीत मोठी पोरं त्याच्या स्टिकवरून रबरी चकती हिसकावायला धावायची, आणि हा त्यांच्या मधून असा निघून जायचा की ती एकमेकांवरच आदळायची. एमिल काठावर उभा राहून हसायचा. एरवी तो माणूस हसला तर शेजारी विचारायचे, काय झालं म्हणून.

एस्को तेराचा झाला आणि गावच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, अनोळखी माणसं दिसायला लागली. लांब कोट घातलेली, कोपऱ्यात एकेकटी उभी राहणारी, एकमेकांची ओळख असून न दाखवणारी. दक्षिणेकडच्या शहरांमधल्या संघांचे ते खेळाडू हेरणारे लोक. त्यातला टटल नावाचा एक जण पोर्ट हॅलमच्या संघाचा. तो थेट घरीच यायला लागला. साइमीचं माशाचं सूप दोनदा मागून घ्यायचा, वेलदोड्याच्या पावाची तारीफ करायचा.

"किवेलाबाई, असा पाव आमच्या शहरात मिळत नाही हो."

"मिळत असता तर तुम्ही एवढ्या लांब कशाला आला असता?" साइमी म्हणायची. टटल हसायचा, पण उठायचा नाही.

तेव्हा नियम असा होता की सोळाच्या आतल्या पोरानं आईबाप राहतात त्याच गावाकडून खेळायचं. नियमाला पळवाटा होत्याच. टटलनं आधी एमिलला पोर्ट हॅलमच्या कारखान्यात नोकरी देऊ केली, म्हणजे कुटुंबच तिकडे हललं असतं. पण एमिलची छाती भट्टीनं खाल्ली होती. तिथल्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि मान हलवली. मग टटल दुसरी वाट घेऊन आला.

"एस्कोचं पालकत्व आमच्या स्टॅकसाहेबांच्या नावावर करायचं. फर्निचरचा मोठा धंदा आहे त्यांचा, घर मोठं, माणूस देवमाणूस. कायद्यानं पोरगा पोर्ट हॅलमचा झाला, की खेळायला मोकळा."

"म्हणजे दत्तक?" साइमीनं विचारलं.

"छे छे! नुसतं कागदावर."

"नुसतं कागदावरच असतं तर तुम्हाला कागद कशाला लागला असता?"

एमिल मध्ये पडला. "साइमी, मी भट्टीत गेलो, माझा बाप खाणीत गेला. याला तिसरी वाट मिळतेय. तू आडवी पडू नकोस."

"मी आडवी नाही पडत. पोरगं चौदाचं आहे, एमिल. अजून त्याला खाटेखाली कुणी नाही ना, ते बघून झोपायला लागतं."

एस्को दारात उभा राहून ऐकत होता. तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "आई, तू जाऊ दिलं नाहीस ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही," असं म्हणाला आणि खरोखरच बोलणं बंद केलं. ताटावर बसायचा, खायचा, उठायचा. घरात एकच लेकरू, तेही मुकं. साइमीनं आठवडाभर कळ काढली, आणि मग वकिलाच्या खोलीत जाऊन सही केली.

सही करताना तिनं वकिलाला विचारलं, "मग आता मी कोण?"

"आईच. आईपण कोण काढून घेणार?" वकील म्हणाला. "फक्त पोराच्या बाबतीत निर्णय स्टॅकसाहेब घेतील."

पोर्ट हॅलमला एस्को स्टॅकच्या घरातल्या तळघरात राहायचा. दर रविवारी फोन यायचा. आवाज फुटला, मग भारदस्त झाला. सोळाव्या वर्षी त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. एमिलनं तो भट्टीवर न्यायच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. सुट्टीत घरी यायचा तेव्हा दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा वाढलेला, पण साइमीच्या ताटातला बटाटा अजून चोरून खायचा.

सतराव्या वर्षी खरा बाजार सुरू झाला. पैसे देऊन खेळवणाऱ्या बड्या लीगला वीस पुरी झाल्याशिवाय कुणाला उचलता येत नसे. पण सीमेपलीकडे एक नवी लीग निघाली होती. ती असला नियम मानत नव्हती. सतरा काय, सोळाचं पोर घेऊ म्हणत होती. पोर अल्पवयीन, म्हणजे करारावर सही पालकाची लागणार, आणि पालक स्टॅक. त्यानं भाव चढवायला बड्या लीगच्या माणसांना सांगितलं की पोराला नवे लोक ओढतायत, आणि नव्या लोकांना सांगितलं की बडे लोक मागच्या दारानं येतायत. दोघांचेही जेवणाचे कार्यक्रम त्याच्याच घरी व्हायचे. एस्को कोट घालून टेबलाच्या टोकाला बसायचा.

हे सगळं साइमीला नंतर कळलं. तेव्हा तिच्यापर्यंत आला तो एक फोन.

"आई, मुस्ती काय करतोय?" एस्कोनं विचारलं.

मुस्ती त्यांचा कुत्रा. तो उन्हाळ्यातच मेला होता. एस्कोनं स्वतः घरामागे खड्डा खणून त्याला पुरलं होतं आणि दिवसभर जेवला नव्हता.

"एस्को, तुला काय झालंय रे?"

"काही नाही. शनिवारी जरा डोकं आपटलं. उजेड सहन होत नाही एवढंच. आई, सांग ना, मुस्ती काय करतोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये बसली. एमिलची रजा मंजूर झाली नाही, आणि खरं तर त्याला फार काही झालंय असं वाटलंही नाही. हॉकीत डोकं आपटायचंच.

एस्को तळघरात पडदे ओढून पडला होता. अंगावरून हात फिरवला तर पोर थंड घामानं भिजलेलं. उशीशेजारी उलटीची बादली. साइमी तशीच वर गेली. स्टॅक न्याहारी करत होता. उठून त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. माणूस वागायला खरंच सभ्य होता.

"मी त्याला घरी न्यायला आलेय," ती म्हणाली.

"बाई, संघाच्या डॉक्टरनं बघितलंय. थोडा मुका मार आहे. या शनिवारी नव्या लीगचे मालक खास त्याला बघायला येतायत. तो सामना झाला की महिनाभर झोपू दे की."

"तो उन्हाळ्यात मेलेल्या कुत्र्याची विचारपूस करतोय."

"पोरं दमली की बरळतात." त्यानं तिच्यापुढे कॉफी सरकवली. "आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण न्यायचं की नाही हे आता तुम्ही नाही ठरवू शकत."

साइमी पोलीस ठाण्यात गेली. तिथला हवालदार म्हातारा होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही त्याला बसमध्ये बसवलंत आणि त्यांनी तक्रार केली, तर मला तुम्हालाच अडवावं लागेल हो."

राहिला एस्को. त्यालाच उठवून आपल्याबरोबर निघायला लावलं तर? ती त्याच्या खाटेवर बसली.

"चल रे राजा. आपण दोघं गुपचूप निघू."

एस्कोनं डोळे मिटलेलेच ठेवले. "आई, मी आता बसमध्ये बसलो ना, तर संपलं सगळं. ते म्हणतील, हा नाजूक आहे. मग कुणी विचारणार नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा पुढच्या वर्षी भट्टी सोडणारेत. मी सांगितलंय त्यांना सोडायला."

ती शनिवारपर्यंत तिथेच राहिली, त्याच्या कपाळावर थंड फडकं ठेवत.

सामना दुपारचा होता. तिला वरच्या रांगेत जागा मिळाली. खाली स्टॅकच्या शेजारी पाहुणे बसले होते, बोटांत अंगठ्या, हातात गरम पेले. एस्कोनं पहिल्याच भागात गोल केला आणि सगळं रिंक उठून उभं राहिलं. साइमी बसून राहिली. तिला दिसत होतं की तो उजवीकडे वळताना आधी मान वळवतोय आणि मग अंग, म्हाताऱ्या माणसासारखा.

दुसऱ्या भागात समोरच्या संघातल्या एका पोरानं त्याला खांद्यानं धक्का दिला. फार जोराचा नव्हता. अशा धक्क्यांनी कुणी पडतही नाही. एस्को पडला आणि पडताना त्यानं हात पुढे केले नाहीत.

ती पायऱ्या कशी उतरली हे तिला कधीच आठवलं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई धावपळीत होत्या. "मेंदूत रक्त साचतंय. कवटी उघडावी लागेल. सही कोण करतंय?"

"मी. मी त्याची आई," साइमी म्हणाली आणि हात पुढे केला.

संघाचा माणूस खाकरला. "पालक त्या नाहीत. स्टॅकसाहेब आहेत."

"मग त्यांना बोलवा, लवकर!"

स्टॅक पाहुण्यांची समजूत घालायला त्यांच्याबरोबर गेला होता. या हॉटेलात फोन, त्या हॉटेलात फोन. साइमी डॉक्टरीणबाईंच्या मागे मागे फिरत होती. "बाई, मी जन्म दिलाय हो त्याला. मी सही करते. मला तुरुंगात घाला नंतर." शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर पोराला आत घ्यायचं ठरवलं, आणि त्याच वेळी स्टॅक धापा टाकत आला. उभ्याउभ्याच त्यानं सही केली. किती वेळ वाया गेला आणि त्यानं किती नुकसान झालं, हे नंतर कुणीच छातीठोकपणे सांगितलं नाही. साइमीनं पुष्कळदा विचारलं.

एस्को जगला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि अधूनमधून कुठल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून संताप यायचा, मग रडू. नव्या लीगचे पाहुणे दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत गेले. स्टॅक दोनदा फळं घेऊन आला. तिसऱ्यांदा त्याचा वकील आला आणि म्हणाला की साहेबांना आता ही जबाबदारी झेपणार नाही.

चौदाव्या वर्षी पोर द्यायला केवढी खटपट लागली होती. परत घ्यायला काहीच लागलं नाही. न्यायाधीशानं विचारलं, "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. साइमी उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक विचारायचंय. माझं पोर धडधाकट होतं तेव्हा मी लायक नव्हते, आता आहे, ते कसं?" न्यायाधीशानं चष्मा काढला, पुसला, आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

एमिल भट्टीतच राहिला. लेकाला खुर्चीत नुसतं बसलेलं बघून तो बाहेर निघून जायचा आणि थेट रिंकवर जाऊन बसायचा. साइमीला ते सहन व्हायचं नाही. "तिथे काय ठेवलंय रे तुझं?" ती ओरडायची. एकदाच त्यानं उत्तर दिलं, "तिथे तो अजून पळतो." त्यानंतर तिनं विचारलं नाही. माफही केलं नाही. चार हिवाळ्यांनी छातीच्या दुखण्यानं एमिल गेला. घरात दोघंच उरली.

गावात लोक पाठीमागे बोलायचे. कुणी म्हणे, आईनं विकला. कुणी म्हणे, आई मध्ये कडमडली म्हणून पोर बिथरलं. साइमी शाळेच्या भटारखान्यात कामाला लागली आणि दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांच्या पोरांना सारखंच वाढत राहिली.

मग एका वर्षी जिनेट रोबिताय तिच्याकडे आली. चार घरं सोडून राहणारी, तरणी बाई, हातात केक झाकून आणलेला. तिचा लेक लूक पंधराचा, आणि त्यालाही लांब कोटवाले बघायला येऊ लागले होते.

"मावशी, तुम्हालाच विचारावं म्हटलं. सही करू का?"

साइमीनं तिला सगळं सांगितलं. फोन, बादली, हवालदार, इस्पितळ. मधेच एस्को आतून आला, केककडे बघून हसला आणि डाव्या हातानं तुकडा मोडून घेतला. जिनेट रडली. साइमीचे हात धरून म्हणाली, "देव तुमचं भलं करो, मावशी." आणि त्या आठवड्यातच तिनं सही केली. त्यानंतर दुकानात साइमी दिसली की ती दुसऱ्या रांगेत वळायची.

लूकचं काही वाईट झालं नाही. खेळला, बड्या लीगमध्ये निवडला गेला, तीन-चार वर्षं तिथे काढली, बायको करून आणली, आता दक्षिणेत कुठेतरी पोरांना शिकवतो. आईला त्यानं विटांचं घर बांधून दिलं. त्या घरातल्या पहिल्या जेवणाला जिनेट स्वतः बोलवायला आली. इतक्या वर्षांनी दारात उभी, मान खाली.

"मावशी, माझं चांगलं झालं. तुम्हाला राग येत असेल."

"नाही गं," साइमी म्हणाली. "बरंच झालं. दोन्ही पोरं वाया जायला हवी होती का?"

ती गेली त्या घरी. एस्कोलाही घेऊन गेली. तो कोट घालून टेबलाच्या टोकाला बसला, आणि जिनेटच्या सुनेनं त्याचं मांस न सांगताच बारीक कापून दिलं. तोवर साइमीनं त्या घरात कशालाच हात लावला नव्हता. तिनं ते पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.