चहाला झालेला उशीर

नगरपालिकेच्या त्या शिपायाला सगळे घड्याळकाका म्हणायचे. सभेच्या दिवशी चारच्या ठोक्याला त्यांचा चहा सभागृहात हजर. एकतीस वर्षांत चारावर एक मिनिट झालं नाही म्हणे. अंगाने बारकेसे, बोलणं मोजून मापून, किटलीच्या दांड्याला गुंडाळलेलं फडकंसुद्धा पांढरंशुभ्र. आज मी धडधाकट उभी आहे ती या माणसामुळे, म्हणून त्यांचं सांगते.

मी बाजारात भाजी विकते, बारा वर्षं झाली. सकाळी सातला टोपली मांडली की संध्याकाळी सातपर्यंत जागचं हलायचं नाही. अख्ख्या बाजारात बायकांसाठी एक मुतारी नव्हती. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. आम्ही त्यावर सोपा उपाय काढला होता: पाणीच प्यायचं नाही. चहाचं तर नावच नको. माझ्या शेजारची लिंबूवाली, माझी जिवाची मैत्रीण, मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली ती खिळलीच. मग माझीही कंबर भरून यायला लागली, ताप यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं, दिवसभर पाणी पी, नाहीतर बाजार सोड. बाजार सोडून खाऊ काय, दगड?

आम्ही बायकांनी नगरपालिकेत अर्ज दिला. तो सभेपुढे आलाही, पण नेहमी यादीच्या शेपटाला. आधी रस्ते, मग दिवे, मग एकमेकांना शालजोडीतले हाणायचे, तोवर चार वाजायचे. चहा झाला की एकेक सदस्य उठायचा. कुणाची गाडी खाली उभी, कुणाला लग्नाला जायचंय. निम्मे गेले की सभा चालत नाही, असा नियम. मग अध्यक्षबाई म्हणायच्या, उरलेले विषय पुढच्या सभेत.

असं सात वेळा झालं. सातही वेळा मी धंदा बुडवून मागच्या बाकावर बसले होते. सातव्या वेळी जिन्यातच मला रडू कोसळलं. काका रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उतरत होते. क्षणभर थांबले, बघितलं आणि निघून गेले. मला असा राग आला! म्हटलं, दगडाला पाझर फुटेल, पण कचेरीतल्या माणसाला फुटायचा नाही.

आठव्या सभेला चार वाजले आणि चहा आला नाही.

सव्वाचार झाले. पहिला उठणारा जाडा सदस्य सारखा दाराकडे बघत होता, पण फुकटचा चहा आणि वर दोन बिस्किटं सोडून उठायला कुणाचं मन होतंय? अध्यक्षबाईंनी दोनदा घंटी वाजवली. दोन्ही वेळा काका दारात येऊन खाली मान घालून सांगून गेले, पाचच मिनिटं, मॅडम. नुसतं बसून काय करायचं, म्हणून बाईंनी पुढचे विषय घेतले. माझं बाक दाराला लागून होतं. फटीतून व्हरांडा दिसत होता. काका तिथेच उभे होते. कप मांडलेले, किटली टॉवेलात गुंडाळलेली, तोटीतून वाफ येतेय, आणि कान दाराला. आमची नजरानजर झाली. त्यांनी सावकाश तोंड फिरवलं.

पावणेपाचला आमचा विषय निघाला. खरं सांगू, विरोध कुणाचा नव्हताच. कुणी आजवर ऐकूनच घेतलं नव्हतं. सगळे हात वर गेले, ठराव मंजूर झाला, आणि काका ट्रे घेऊन आत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात मेमो पडला. उभ्या नोकरीतला पहिला, तोही निवृत्तीला पाच महिने उरले असताना. मी धावत गेले. म्हटलं, चला, मी सांगते मॅडमना खरं काय ते. त्यांनी मला खुर्ची दिली.

"ताई, तुमचा तो कागद सात वेळा मीच वर नेला आणि सात वेळा मीच खाली आणला," ते म्हणाले. "त्याला माझाच चहा आडवा येत होता."

मेमोच्या उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं, चहाला उशीर झाला, चूक मान्य आहे.

ते निवृत्त झाले त्या आठवड्यात बाजारातलं बांधकाम पुरं झालं. काका बघायला आले. किती वाजता, ते सांगायला नकोच. मी टपरीवरून दोन चहा मागवले. त्यांना माझ्या जागेवर बसवलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा भरबाजारात मी अख्खा कप चहा प्यायले. वर तांब्याभर पाणी प्यायले. माझे डोळे भरून आले, तर ते म्हणाले, चहा निवेल.

"काका, जरा टोपलीकडे बघता का?" मी म्हटलं, आणि उठून समोरच्या नव्या दाराने आत गेले.